आवाज ओळखीचा, पण माणूस कोण?

रात्रीची वेळ आहे. वीज गेली आहे. दारावर थाप पडते. आतून आजी विचारते, "कोण आहे?" बाहेरून उत्तर येते, "मी!" आणि आजी कडी काढते.

विचार केला तर हे उत्तर किती अपुरे आहे! जगातला प्रत्येक माणूस स्वतःला 'मी'च म्हणतो. चोराला विचारले तर तोही 'मी'च म्हणेल. तरीही दार उघडले जाते, कारण आजीचे लक्ष शब्दाकडे नसते, आवाजाकडे असते. नाव, गाव, नाते यांपैकी काहीही न सांगता केवळ आवाजावरून माणूस ओळखण्याची ही कला आपण इतक्या लहानपणी शिकतो, की ती शिकल्याचे आपल्याला आठवतही नाही. दूरध्वनी आला तेव्हाही आपण हीच कला वापरली. "हॅलो, मी बोलतोय," एवढ्यावर आपण पुढच्या बोलण्याला लागतो.

गेल्या काही वर्षांत मात्र या जुन्या व्यवहारात एक अडचण उत्पन्न झाली आहे. कोणत्याही माणसाच्या आवाजाचा लहानसा नमुना मिळाला, तर त्या आवाजात हवे ते वाक्य यंत्राकडून म्हणवून घेता येते. हे काम करणाऱ्या संगणक-प्रणालींना आपण कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतो. त्यांचे चांगले उपयोग पुष्कळ आहेत. पण लबाड लोकांच्याही त्या हाती लागल्या आहेत. हे कसे शक्य झाले, आणि आपण व आपल्या घरची माणसे यापासून सुरक्षित कशी राहतील, हे या लेखात पाहू या. विद्यार्थी मित्रांनो, शेवटच्या भागातले काम तुम्हालाच करायचे आहे.

गळ्यातली नळी

प्रथम आवाज म्हणजे काय ते पाहू. फुप्फुसांतून येणारी हवा घशातल्या स्वरतंतूंमधून जाताना त्यांना थरथरवते. प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा कंप पावतात, स्त्रीचे २००च्या आसपास आणि लहान मुलाचे ३००च्या आसपास. पण केवळ या कंपनांचा आवाज ऐकला तर तो एखाद्या भुंग्याच्या गुणगुणीसारखा वाटेल. त्यावरून ना शब्द कळेल, ना माणूस.

या गुणगुणीला रूप देण्याचे काम स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी करते. नळाखाली कळशी भरताना आवाज कसा चढत जातो हे तुम्ही ऐकले असेल. कळशीतील हवेचा स्तंभ जसजसा आखूड होतो तसतसा त्याचा स्वर उंचावतो. म्हणूनच स्वयंपाकघरात बसूनही आईला कळशी भरत आल्याचे कळते. आपला घसा आणि तोंड मिळून अशीच एक नळी होते. प्रौढ पुरुषात तिची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर असते. स्वरतंतूंकडे ती जवळजवळ बंद असते आणि ओठांकडे उघडी.

एका टोकाला बंद असलेल्या नळीचे गणित तुम्हाला येतेच. नळीची लांबी ही तरंगलांबीच्या एक चतुर्थांश असते, तेव्हा पहिला अनुनाद होतो. येथे तरंगलांबी ६८ सेंटिमीटर येते. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर ३४० भागिले ०.६८ म्हणजे कंपनसंख्या ५०० हर्ट्झ. अशा नळीत केवळ विषम पटींचे अनुनाद मिळतात, म्हणून पुढचे आकडे १५०० आणि २५०० हर्ट्झ. गुणगुणीतल्या या कंपनसंख्यांच्या आसपासचा भाग नळी उठावदार करते आणि बाकीचा दाबते.

आता एकाच पट्टीत 'आ', 'ई', 'ऊ' असे म्हणून पाहा. स्वरतंतूंचे काम बदललेले नाही. बदलले ते जिभेचे आणि ओठांचे स्थान. नळीचा आकार बदलला, अनुनादाच्या जागा सरकल्या आणि स्वर बदलला. प्रत्येकाच्या नळीची लांबी, टाळूची कमान, दातांची ठेवण, नाकाची पोकळी निराळी असते. त्यात बोलण्याचा वेग, हेल, श्वास घेण्याची सवय यांची भर पडते. या सगळ्यांच्या बेरजेला आपण 'बाबांचा आवाज' म्हणतो.

आवाजाचे आकडे

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८७६ साली दूरध्वनीचे पेटंट मिळाले. त्यानंतर पुष्कळ काळ दूरध्वनीच्या तारांमधून आवाजाचा एक ठरावीक पट्टाच पाठवण्याची रीत होती. हा पट्टा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचा. बोललेले समजायला तेवढा पुरतो.

येथे एक गमतीचा प्रश्न उभा राहतो. बाबांच्या आवाजाची मूळ कंपनसंख्या ११० हर्ट्झ असेल, तर ती या पट्ट्याच्या बाहेर राहते, म्हणजे ती फोनमधून येतच नाही. मग फोनवर बाबांचा आवाज बायकी का वाटत नाही? याचे कारण असे, की ११०च्या पटीतील ३३०, ४४०, ५५० अशा कंपनसंख्या येतात. त्यांच्यातील अंतर ११० आहे हे हेरून आपला कान आणि मेंदू न आलेला मूळ स्वर मनानेच भरून काढतात. याचा अर्थ लक्षात घ्या. फोनवर येणारा आवाज कधीच पुरता नव्हता. उरलेला आपण स्वतः घालत आलो आहोत. आजच्या फोर-जी जाळ्यावर पट्टा पुष्कळ रुंद झाला आहे, पण मनाने भर घालण्याची आपली सवय तशीच आहे.

पुढे आवाज आकड्यांच्या रूपात पाठवण्याची पद्धत आली. ध्वनितरंगाची उंची ठरावीक अंतराने मोजायची आणि ते आकडे पाठवायचे. नियम असा आहे, की सर्वांत मोठ्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी केली, तर मूळ तरंग त्या आकड्यांवरून पुन्हा उभा करता येतो. ३४००ची दुप्पट ६८००. म्हणून दूरध्वनीसाठी सेकंदाला ८००० मोजण्या ठरवल्या गेल्या. म्हणजे तीन सेकंदांचे बोलणे फक्त २४,००० आकड्यांत मावते.

आवाजाचे आकडे झाले, की त्यांच्याशी आकड्यांसारखे वागता येते. ते साठवता येतात, उतरवून घेता येतात, त्यांच्यावर गणिते करता येतात. एका वहीतले गणित दुसऱ्या वहीत उतरवले, तर आकडा काही मूळचा आणि नकलेचा असा वेगळा राहत नाही. आपल्या सगळ्या अडचणीचे मूळ येथे आहे.

बोलक्या यंत्रांची वाटचाल

जे बोलणे कोणी कधी बोललेच नाही, ते यंत्राकडून बोलवून घेण्याचा खटाटोप मात्र फार जुना आहे. व्हिएन्नाच्या दरबारातील व्होल्फगांग फॉन केम्पेलेन या गृहस्थाने भाता, कंप पावणारी पट्टी आणि चामड्याची नळी यांच्या साहाय्याने एक बोलके यंत्र तयार केले आणि १७९१ साली त्याचे वर्णन पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. भाता म्हणजे फुप्फुसे, पट्टी म्हणजे स्वरतंतू आणि नळी म्हणजे तोंड. पुढे अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील होमर डड्ली यांनी विजेवर चालणारे 'व्होडर' तयार केले. १९३९ सालच्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात, खास शिक्षण घेतलेल्या तरुणी पेटी वाजवावी तशी त्याची बटणे दाबत आणि यंत्र बोलत असे.

या यंत्रांचे बोलणे यंत्राचेच वाटे. १९८५ साली शस्त्रक्रियेनंतर वाचा गेलेले शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग पुढे अशाच यंत्राच्या मदतीने बोलू लागले. त्यांचा तो यांत्रिक आवाज जगभर ओळखला जाई, पण तो त्यांचा स्वतःचा नव्हता.

बदल घडला तो २०१६ साली. डीपमाइंड या संस्थेने 'वेव्हनेट' ही प्रणाली जाहीर केली. ती तरंगाच्या उंचीचा एकेक आकडा, आधीचे आकडे पाहून, अंदाजाने काढत जाते आणि असे हजारो आकडे मिळून एका सेकंदाचे बोलणे होते. २०२३च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 'व्हॉल-ई' या प्रणालीची माहिती प्रसिद्ध केली. तिला सुमारे ६०,००० तासांचे इंग्रजी बोलणे ऐकवले होते. त्यानंतर अनोळखी माणसाचा केवळ तीन सेकंदांचा नमुना तिला पुरला.

तीन सेकंद कसे पुरतात? आलेखाच्या कागदावर दोन बिंदू दिले आणि रेषा काढायला सांगितली, तर त्यांतून हव्या तितक्या वेड्यावाकड्या रेषा जातील. पण रेषा सरळ आहे हे आधीच ठाऊक असेल, तर दोन बिंदूंवरून ती सगळीच्या सगळी काढता येते. या प्रणालीचेही तसेच आहे. हजारो माणसांचे आवाज ऐकून माणसाचा आवाज कसकसा असू शकतो हे तिने आधीच शिकून ठेवलेले असते. नव्या माणसाचे तीन सेकंद म्हणजे ते दोन बिंदू.

केम्पेलेनची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १७७० साली त्याने बुद्धिबळ खेळणारा एक यांत्रिक तुर्क दरबारात आणला होता. त्याने भल्याभल्यांना हरवले. पुढे उघड झाले, की पेटीत एक जिवंत खेळाडू दडलेला असे. यंत्राच्या सोंगात माणूस! आज आपल्यापुढे जो प्रश्न आहे तो नेमका उलटा आहे. माणसाच्या सोंगात यंत्र येते, आणि त्या यंत्राच्या मागे पुन्हा एक माणूस असतो, तो चोर.

मारीचाची युक्ती

आवाजाच्या नकलेने घात झाल्याची एक कथा तुम्ही सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. सुवर्णमृगाच्या रूपातील मारीच रामाचा बाण लागून कोसळतो आणि मरता मरता रामाच्या आवाजात सीतेला व लक्ष्मणाला हाका मारतो. लक्ष्मण म्हणतो, हा आवाज दादाचा असणे शक्य नाही. पण सीतेच्या कानांनी आवाज ओळखलेला असतो. ती लक्ष्मणाला तातडीने पाठवते, आणि पर्णकुटी निराधार होते.

आजच्या चोरांची रीत याहून निराळी नाही. ओळखीचा आवाज, त्यात संकट, आणि संकटामुळे घाई. "आई, अपघात झालाय, दवाखान्यात पैसे भरायचेत." "मामा, पोलिसांनी पकडलंय, बाबांना सांगू नका." या वाक्यांत तीन गोष्टी जवळजवळ हमखास सापडतात : घाई, भीती आणि गुपित. घाई विचार करू देत नाही, भीती शंका घेऊ देत नाही आणि गुपित दुसऱ्याला विचारू देत नाही. लक्ष्मण दूर गेला की काम सोपे होते.

घडलेली काही उदाहरणे पाहा. २०१९ साली ब्रिटनमधील एका ऊर्जा कंपनीच्या प्रमुखाला, जर्मनीतील मूळ कंपनीच्या वरिष्ठांच्या आवाजात फोन आला. त्या आवाजातला जर्मन हेलही त्याला ओळखीचा वाटला. तासाभरात पैसे पाठवायचे आहेत असे सांगण्यात आले, आणि त्याने २,२०,००० युरो पाठवून दिले. आवाज यंत्राने बनवलेला होता, असे त्या कंपनीच्या विमा कंपनीने नंतर सांगितले.

२०२३च्या जुलैमध्ये केरळातील कोळिकोड येथे एका निवृत्त गृहस्थांना जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. नातलगाच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे हवे होते. क्षणभर पडद्यावर त्या मित्राचा चेहराही दिसला. त्यांनी ४०,००० रुपये पाठवले. थोड्याच वेळात आणखी ३५,००० मागितले गेले, तेव्हा त्यांना शंका आली. त्यांनी आपल्याजवळ असलेल्या क्रमांकावर मित्राला स्वतः फोन लावला. मित्राला यातले काहीच ठाऊक नव्हते. ही शेवटची ओळ ध्यानात ठेवा. ती आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

२०२४च्या आरंभी तर हाँगकाँगमध्ये एका मोठ्या अभियांत्रिकी कंपनीचा कर्मचारी दृक्‌-बैठकीला बसला. पडद्यावर कंपनीचे वित्तप्रमुख आणि इतर सहकारी दिसत होते. त्या बैठकीत खरा माणूस तो एकटाच होता. त्याने १५ वेळा मिळून २० कोटी हाँगकाँग डॉलर, म्हणजे सुमारे दोनशे कोटी रुपये, पाठवले. त्याच वर्षी १५ जानेवारीला सचिन तेंडुलकर यांना जाहीर करावे लागले, की एका खेळाच्या ॲपची जाहिरात करणारी आपली चित्रफीत खोटी आहे. शेअर बाजाराच्या आणि रिझर्व्ह बँकेच्या प्रमुखांच्या नावानेही गुंतवणुकीचे सल्ले देणाऱ्या खोट्या चित्रफिती २०२४मध्ये फिरल्या, आणि त्या खोट्या असल्याचे त्या संस्थांना जाहीर करावे लागले.

आपल्याकडे खेड्यापाड्यांत बहुरूपी येत असे. पोलिसाच्या वेषात दारात उभा राहून तो "तुमच्या नावाचं वॉरंट आहे," म्हणून दरडावत असे आणि घरातले घाबरले, की हसून पसाभर धान्य घेऊन जात असे. आजचा बहुरूपी पडद्यावर पोलिसाच्या वेषात येतो, 'डिजिटल अरेस्ट' झाली आहे असे सांगून माणसाला तासन्‌तास फोनसमोर बसवून ठेवतो आणि आयुष्याची पुंजी घेऊन जातो. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. २७ ऑक्टोबर २०२४च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हे स्पष्ट केले होते.

कानांची परीक्षा नको

"नकली आवाज ओळखायचा कसा?" हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. उत्तर ऐकून ते नाराज होतात. कारण उत्तर असे आहे, की ओळखण्याच्या भरीस पडू नका.

२०१८ साली अमेरिकेतील संशोधकांच्या ध्यानात आले, की बनावट चित्रफितींतील चेहरे पुरेशा पापण्या मिटत नाहीत. ओळखण्याची एक सोपी खूण सापडल्यासारखे वाटले. पण दोष कळला, की बनवणारा तो दुरुस्त करतो. थोड्याच काळात पापण्या मिटणारे चेहरे तयार झाले. बोटे मोजा, ओठांकडे पाहा, श्वास ऐका, या सर्व सूचनांचे आयुष्य असेच अल्प असते. शिवाय घाबरलेली आई पापण्या मोजत बसेल, अशी अपेक्षा करणेही बरे नव्हे.

आवाज लपवून ठेवणे हाही उपाय नाही. लग्नाच्या चित्रफिती, शाळेच्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे, मोबाइलवरचे स्टेटस यांत तीन सेकंद कोणाचेही सापडतील. तेव्हा आवाज हा पुरावा म्हणून आता चालणार नाही, हे सरळ मान्य करावे आणि जे आवाजात नाही असे काही पुरावा म्हणून घ्यावे. अशा दोन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट : उलटा फोन

टपालाच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. तो पाठवणाराच लिहितो. कोणी त्या जागी तुमच्या मामांचा पत्ता लिहिला, तर पोस्टमन काही चौकशी करत नाही. पण तुम्ही स्वतः पाकिटावर मामांचा पत्ता लिहून पत्र टाकले, तर ते मामांच्याच घरी जाते.

फोनचेही असेच आहे. येणाऱ्या फोनवर दिसणारा क्रमांक किंवा नाव म्हणजे पाकिटाच्या मागचा पत्ता. तांत्रिक क्लृप्त्या करून तेथे दुसऱ्याचा क्रमांक दाखवता येतो. परदेशातून केलेले, पण भारतातले क्रमांक दाखवणारे असे फोन रोखण्यासाठी दूरसंचार विभागाला २०२४मध्ये खास यंत्रणा उभारावी लागली. याउलट तुम्ही तुमच्याजवळ आधीपासून असलेला क्रमांक स्वतः लावता, तेव्हा पत्ता तुम्ही लिहिलेला असतो.

म्हणून नियम सोपा आहे. पैशांची मागणी करणारा, घाबरवणारा फोन आला, की "थांब, मी फोन करते," एवढे म्हणून तो बंद करावा आणि त्या माणसाला त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण फोन लावावा. तो न लागला तर त्याच्या जवळ राहणाऱ्या दुसऱ्या कोणाला लावावा. बँकेचे नाव सांगितले असेल, तर पासबुकावरचा किंवा कार्डामागचा क्रमांक वापरावा. फोन करणाऱ्याने स्वतः दिलेला क्रमांक मात्र कधीही वापरू नये. कोळिकोडच्या गृहस्थांनी दुसऱ्या वेळी हेच केले, म्हणून पुढचे ३५,००० रुपये वाचले. पहिल्या वेळी केले असते तर ४०,०००ही वाचले असते.

एक सावधगिरी येथे घ्यावी लागते. कोणी तारांकित चिन्हाने सुरू होणारा आकडा फिरवायला सांगितला, तर फिरवू नये. अशा काही आकड्यांनी आपले फोन परस्पर दुसरीकडे वळत असत, म्हणून एप्रिल २०२४पासून ती सोय बंद ठेवण्याचा आदेश सरकारने दिला.

दुसरी गोष्ट : घरची खूण

सीता एकदा आवाजाने फसली. पण पुढे ती काय करते ते पाहा. अशोकवनात हनुमान येऊन 'मी रामाचा दूत' असे सांगतो, तेव्हा ती चटकन विश्वास ठेवत नाही. हाही रावणाचाच वेष असेल, अशी शंका तिला येते. हनुमान रामाची अंगठी दाखवतो. परत जाताना तो तिच्याकडे खूण मागतो, तेव्हा ती चूडामणी देते आणि शिवाय एका कावळ्याची गोष्ट सांगते, जी तिला आणि रामाला दोघांनाच ठाऊक होती. वस्तू चोरीला जाऊ शकते. दोघांमधली आठवण चोरणे कठीण.

हीच युक्ती जुलै २०२४मध्ये इटलीत उपयोगी पडली. फेरारी या मोटार कंपनीच्या एका अधिकाऱ्याला कंपनीचे प्रमुख बेनेदेत्तो विन्या यांच्या आवाजात फोन आला. व्यवहार गुप्त होता आणि तातडीचा होता. अधिकाऱ्याला शंका आली. त्याने विचारले, "काही दिवसांपूर्वी आपण मला एक पुस्तक सुचवले होते, त्याचे नाव काय?" फोन तत्काळ बंद झाला. हाँगकाँगच्या कर्मचाऱ्याजवळ आवाज होते, चेहरेही होते. या अधिकाऱ्याजवळ एक प्रश्न होता.

प्रत्येक घराने अशी एक खूण ठरवावी. ती कशी असावी? वाढदिवस, शाळा, गाव, कुत्र्याचे नाव चालणार नाही. या गोष्टी बाहेर सहज कळतात. घरातली एखादी जुनी फजिती, आजोबांनी कोणाला ठेवलेले गमतीचे नाव, सहलीत हरवलेली वस्तू असे काहीही चालेल. खूण समोरासमोर बसून सांगावी, मोबाइलवर लिहून पाठवू नये. फोनवर आपण प्रश्न विचारावा, उत्तर त्याच्याकडून यावे. बाबांना भीतीपोटी आठवले नाही तर? तर उलटा फोन आहेच.

आणखी एक सवय सोडायला हवी. "काय काकू, ओळखलं नाही का?" असे कोणी विचारले, की आपण भिडेपोटी म्हणतो, "कोण, विजू का?" आणि फोनवरचा माणूस त्या क्षणी विजू होतो. नाव आपणच पुरवलेले असते. अशा वेळी "नाही ओळखलं, नाव सांगा," असे म्हणावे.

"माझ्या नातवाची मी परीक्षा घेऊ?" असे आजी-आजोबांना वाटणे स्वाभाविक आहे. त्यांना हे तुम्हीच समजावून सांगू शकता. नातवाने स्वतः येऊन "आजी, मी पैसे मागितले तर मला आधी खूण विचार, विचारली नाहीस तर मला राग येईल," असे म्हटले, की त्यांचा संकोच जातो.

तरीही फसवणूक झालीच तर

पहिला क्षण महत्त्वाचा. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा आणि आपल्या बँकेलाही कळवावे. गेलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवून चोर ती काढून घेतात. त्याआधी तक्रार पोचली, तर ती वाटेतच गोठवता येते. 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. संदेश, क्रमांक, पावत्या पुसून टाकू नयेत. पैसे गेले नाहीत पण फोन संशयास्पद होता, तर 'संचार साथी' या संकेतस्थळावरील 'चक्षू' या सोयीत त्याची माहिती द्यावी.

येथे घरातील वागणुकीचाही भाग आहे. फसलेले वडीलधारे माणूस पुष्कळदा तासन्‌तास गप्प बसते, कारण "एवढं कसं कळलं नाही?" हे शब्द त्याला ऐकायचे नसतात. तेवढ्या वेळात रक्कम चार खाती पुढे जाते. म्हणून घरात आधीच सांगून ठेवावे, की असे काही झाले तर कोणी कोणाला बोल लावणार नाही, पहिला फोन १९३०ला आणि बाकीचे बोलणे नंतर. ब्रिटनमधला कंपनीप्रमुख आणि हाँगकाँगमधला वित्त विभागातला कर्मचारी फसू शकतात, तर आपल्या आजोबांना काय म्हणून रागवायचे?

करून पाहा

शिक्षकांच्या मदतीने वर्गात एक प्रयोग करा. दहा विद्यार्थ्यांनी दुसऱ्या खोलीतून एकाच मोबाइलवरून पाळीपाळीने "हॅलो, मी बोलतोय" किंवा "हॅलो, मी बोलतेय" एवढेच म्हणावे. वर्गातल्यांनी फोनच्या स्पीकरवर ऐकून नाव लिहावे आणि किती बरोबर आले ते मोजावे. दुसऱ्या फेरीत शिक्षकांनी प्रत्येक आवाजाआधी एक नाव सांगावे, काही वेळा खरे, काही वेळा मुद्दाम चुकीचे. चुकीचे नाव ऐकून किती जण त्यालाच होकार देतात ते पाहा. दोन्ही फेऱ्यांचे आकडे फळ्यावर तक्त्यात मांडा. फोनवर आपण किती ऐकतो आणि किती मनाने घालतो, याचे मोजमाप तुमच्या हाती येईल.

दुसरे काम घरचे. आज रात्री जेवणे आटोपल्यावर सगळ्यांना दहा मिनिटे बसवा. खूण ठरवा. १९३० हा क्रमांक आजीच्या फोनमध्ये भरून द्या आणि जवळच्या चार-पाच माणसांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून फोनजवळ चिकटवा. चार दिवसांनी बाहेरून घरी फोन करा, खोटेच घाबरून थोडे पैसे मागा, आणि आजी खूण विचारते का ते पाहा. विचारली नाही, तर घरी गेल्यावर न हसता पुन्हा एकदा शिकवा. विचारली, तर मात्र उत्तर बरोबर द्या. नाहीतर ती फोन बंद करील, आणि ते योग्यच होईल.